रजिस्टरात न आलेले दंश

एस्तेर,

काल संध्याकाळी तुझ्या तिसऱ्या वहीतली शेवटची नोंद कॉम्प्युटरवर चढवली. तुझं अक्षर शाळेत होतं तसंच राहिलं, ‘र’ कुठला आणि ‘स’ कुठला ते ओळखू येत नाही. एका ठिकाणी अडले आणि सवयीनं तुला फोन लावला. पलीकडून विजयभाऊजींचा आवाज आला, “बोला.” “काही नाही, चुकून लागला,” मी म्हटलं. तुझा नवरा म्हणाला, “लागू द्या. हा फोन वाजला की बरं वाटतं.”

तुला जाऊन सव्वीस दिवस झाले. चर्चमध्ये तुझ्याबद्दल सगळे फार चांगलं बोलले. सेवाभावी नर्स, प्रेमळ आई, हसतमुख स्वभाव. हसतमुख ऐकून मी मान खाली घातली. माझ्याशी तरी तू कायम भांडतच आलीस. बेलापूरहून श्रीरामपूरच्या शाळेत आपण एसटीनं जायचो, तेव्हा खिडकीच्या जागेवरून सुरू झालेलं भांडण तीस वर्षं पुरलं. पाद्रीसाहेबांनी विचारलं, मैत्रीण म्हणून दोन शब्द बोलता का? मी नाही म्हटलं. उठले असते तर आधी एक कबुली द्यावी लागली असती, आणि ती मी अजून तुलाच दिली नव्हती.

म्हणून हे लिहितेय. यात तुझी स्तुती कमी आहे. चालवून घे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तू कॉलेजात आलीस, माझा तास संपायची वाट बघत दाराशी उभी राहिलीस. मी मुलांना संख्याशास्त्र शिकवते एवढंच तुला ठाऊक होतं. पुण्याला जाऊन मी मशीन लर्निंग शिकून आले हे मी तुला चार वेळा सांगितलं होतं, आणि चारही वेळा तू “बरं” म्हणाली होतीस. त्या दिवशी मात्र सरळ विषयाला हात घातलास.

“नंदे, तुझं ते मशीन साप कुठं चावणार ते सांगतं का?”

“साप कुठे चावेल ते नाही सांगता येत. लस कुठे लागेल ते सांगता येईल.”

“मला तेच पायजे.”

तुझ्या ट्रस्टचा श्रीरामपुरात मोठा दवाखाना, आणि आजूबाजूच्या गावांत पाच लहान केंद्रं. पुणतांब्याच्या अंगाला गोदावरीकाठी असलेलं केंद्र तू सांभाळायचीस. ऊसतोड सुरू झाली की टोळ्या फडात उतरतात आणि घोणस चावल्याचे पेशंट वाढतात. त्या वर्षी सर्पदंशाची लस कमी मिळणार होती. चाळीस कुप्या, ठिकाणं सहा. एका माणसाला सुरुवातीलाच दहा कुप्या लागतात. म्हणजे चार माणसांची लस सहा ठिकाणी कशी वाटायची, असा तो प्रश्न होता. मला तो फार आवडला. आता हे लिहायची लाज वाटते, पण खरं तेच आहे. माणसाच्या जिवाचा प्रश्न मला एखाद्या सुंदर गणितासारखा आवडला होता.

मी तीन मॉडेलं बांधली. एक मागच्या वर्षांच्या नोंदींवर चालायचं. दुसरं पाऊस, पाणी, उसाची वाढ बघायचं. तिसरं कारखान्याच्या तोडणीच्या प्रोग्रामवरून कुठली टोळी कुठल्या आठवड्यात कुठे असेल ते धरून अंदाज करायचं. तिघांचे अंदाज एकत्र करून एक उत्तर काढायचं. तुला बरं वाटावं म्हणून तुझाही अंदाज मी त्यात घेतला, चौथा. पाच केंद्रांत कुठे किती केसेस येतील ते तू कागदावर लिहून दिलंस, आणि नदीकाठच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्यास.

उत्तर आलं. श्रीरामपूरला वीस, दुसऱ्या दोन केंद्रांत दहा-दहा. नदीकाठी शून्य.

तू कागद उलटा करून बघितलास, जणू मागे काही लिहिलेलं असेल.

“माझा अंदाज घेतला म्हणालीस ना?”

“घेतलाय. पण प्रत्येकाला वजन असतं. ज्याचा अंदाज आधी जास्त वेळा बरोबर आला, त्याचं मत जास्त जड.”

“माझं किती भरलं?”

“शंभरात तीन.”

“काट्यावर तर बासष्ट भरतं,” तू म्हणालीस. पण हसली नाहीस. “आणि बरोबर कोण, ते कोण ठरवतं?”

“रजिस्टर. प्रत्यक्ष किती केसेस आल्या ते त्यात असतं. त्याच्याशी ताडून बघायचं.”

“म्हणजे रजिस्टरावरून अंदाज करायचा आणि मार्क पण रजिस्टरानंच द्यायचे.”

मी म्हटलं, मग दुसरं काय आहे आपल्याकडे? तू पर्समध्ये हात घातलास आणि परत काढून घेतलास. वही तेव्हा तुझ्या पर्समध्येच होती, हे मला आत्ता कळलं. तुझ्या शब्दाला मी शंभरात तीन मार्क दिल्यावर तू मला वही कशाला दाखवशील?

त्याऐवजी तू म्हणालीस, सगळीकडे पाच-पाच ठेवा, उरल्या त्या श्रीरामपूरला. मी म्हटलं, पाच कुप्यांनी कुणीच वाचत नाही, अर्धा डोस सहा ठिकाणी ठेवण्यापेक्षा पूर्ण डोस तीन ठिकाणी बरा. एस्तेर, त्यात तू चुकली होतीस. आजही मी तेच म्हणेन. तू असतीस तर आजही भांडली असतीस.

ट्रस्टच्या मोठ्या डॉक्टरांना माझा कागद पटला. रंगीत नकाशा होता, खाली आकडे होते. तुझ्या केंद्रातल्या दहा कुप्या खोक्यात भरून श्रीरामपूरला गेल्या. खोक्यावर चिकटपट्टी तूच लावलीस.

नाताळच्या दोन आठवडे आधी हिराबाईला घोणस चावली. पाथर्डीकडची, दोन मुलांची आई, नवऱ्याच्या जोडीनं कोयता घेऊन आलेली. सकाळी दहाचा सुमार. उसाच्या वाळल्या पाचटात पाय पडला. तिचा नवरा तिला पाठीवर घेऊन तुझ्या केंद्रात आला. डॉक्टर हजर होते, सलाईन होतं, सगळं होतं. लस नव्हती. तू तिचा पाय हलू नये म्हणून फळीला बांधलास, जीपमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलीस. रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. तू खाली उतरून एकेकाला बाजूला घ्यायला लावलंस म्हणे, हे मला ड्रायव्हरनं सांगितलं. तू कधीच सांगितलं नाहीस. श्रीरामपूरला लस मिळाली, पण उशीर झाला होता. किडन्या गेल्या. आठव्या दिवशी ती गेली.

त्यानंतरच्या बैठकीला मी लॅपटॉप घेऊन आले होते. कुणी मला काही विचारलं नव्हतं. मोठे डॉक्टर एवढंच म्हणाले की वाईट झालं. आणि तू समोर बसलेली असताना मी आपणहून म्हणाले, “एका केसवरून मॉडेल बदलायचं नसतं.”

वाक्य चूक नाही. पुस्तकात असंच असतं. मी मुलांना शिकवतेही असंच. पण त्या खोलीत हिराबाईचं डोकं जिच्या मांडीवर होतं ती बाई बसली होती, आणि मी तिच्या तोंडावर ते वाक्य टाकलं.

तू चिडली नाहीस. चिडली असतीस तर मी उत्तर दिलं असतं. तू हळूच म्हणालीस, “एक केस नाही, नंदे. एक तुला दिसली.”

त्या नाताळला तू नेहमीप्रमाणे डबा पाठवलास. करंज्या, शंकरपाळ्या, वर केकचा तुकडा. मी तो डबा धुऊन, पुसून, रिकामाच परत पाठवला. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं. बारा वर्षांच्या असल्यापासून आपण एकमेकींचे डबे भरून परत करत आलो होतो. एस्तेर, त्या डब्याबद्दल तू कधी बोलली नाहीस. मीही नाही. आज बोलते. मला राग तुझा नव्हता. तुझं खरं निघेल याची भीती होती, आणि ती मी त्या डब्यातून तुझ्या घरी पाठवली.

तीन महिने आपण बोललो नाही. मग मार्चमध्ये एका शनिवारी तू कॉलेजच्या लॅबमध्ये येऊन बसलीस. हातात पेन.

“ते वजन कसं काढतात ते मला शिकव.”

“कशाला?”

“तीन कसं आलं ते बघायचंय मला.”

पुढचे कितीतरी शनिवार तू आलीस. बी.एस्सी.च्या मुली शेजारी बसायच्या आणि तू चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावायचीस. सरासरी तुला येत होतीच. चूक कशी मोजतात ते शिकलीस, एका मॉडेलची चूक दुसऱ्यानं कशी भरून काढायची ते शिकलीस. मी उदाहरण म्हणून सांगितलं, समज बाजारात एका भोपळ्याचं वजन दहा जणांना विचारलं, कुणी जास्त सांगेल, कुणी कमी, पण सगळ्यांचं मिळून बहुतेक जवळ येतं. तू लगेच म्हणालीस, “अन् दहाही जणांनी एकाच माणसाला विचारून सांगितलं असलं तर?”

तू माझ्या तिन्ही मॉडेलांवर पेन ठेवलंस.

“तुझं हे पहिलं रजिस्टरावर शिकलं. दुसऱ्याला पाऊसपाणी दाखवलं, पण किती केसेस झाल्या ते त्याला रजिस्टरानंच सांगितलं. तिसऱ्याला पण. तिघं एकाच विहिरीचं पाणी पितात, नंदे. मग तिघांची चव सारखी लागली यात नवल काय? वेगळं पाणी फक्त माझ्याकडं होतं, त्याला तू तीन दिलेस.”

माझ्या विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. अनेक मॉडेलं एकत्र करायची ती त्यांच्या चुका वेगवेगळ्या असतात म्हणून. चुका सारख्या असतील तर तीन काय अन् तीनशे काय. मी ती दरवर्षी फळ्यावर लिहिते. परीक्षेत विचारते. तुला ती माझ्याकडूनच कळली, आणि मला ती तुझ्याकडून कळली.

त्या वेळी मी काय म्हणावं? “बघू.”

तुझं बरोबर आहे, हे तीन शब्द मला जड गेले. एप्रिल गेला, पावसाळा गेला. दर शनिवारी वाटायचं, आज सांगू. तुझं बरोबर होतं. हिराबाई आली तेव्हा तिथे लस असायला हवी होती, आणि ती नव्हती ती माझ्यामुळे. शेवटी ठरवलं, रविवारी तू चर्चमधून आलीस की बेलापूरला घरी येऊन सांगायचं. गुरुवारी दुपारी ड्यूटीवरून येऊन तू पाणी प्यायला बसलीस आणि खुर्चीवरून कललीस. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. वय बेचाळीस.

पुरल्यानंतर चौथ्या दिवशी विजयभाऊजी आले. पिशवीत तीन वह्या होत्या. म्हणाले, “ती म्हणायची, नंदीला द्यायच्यात, पण तिनं मागितल्यावर.” मग जरा घुटमळले. “तुम्ही मागितल्या नव्हत्या ना?”

“नाही.”

“मग मी चूक केली का?”

मी पिशवी घट्ट धरली. म्हटलं, “तुम्ही नाही केली.”

तुझं केंद्र मंगळवारी दुपारी बंद. त्या वेळात तू स्कुटी घेऊन टोळ्यांच्या कोप्यांवर जायचीस, हे मला कसं कधी कळलं नाही? त्या ताडपत्रीच्या खोपटांपुढे बसून तू बायकांना विचारायचीस, आणि लिहायचीस. “बाई, तिशीची, डावा पाय, मांत्रिकाकडे नेली, वाचली, बोट गेलं.” “म्हातारा, हाताला, गावाकडे घेऊन गेले, पुढे कळलं नाही.” “मुलगी, नाव सांगत नाहीत.” यातल्या निम्म्याही आपल्या रजिस्टरात नाहीत. का नाहीत तेही तू एका पानावर लिहिलंयस, एका मुकादमाचे शब्द म्हणून: “तुमच्याकडं औषिद नसतं, मंग येऊन काय करायचं?”

मी ती ओळ किती वेळा वाचली असेल. तुझ्या केंद्राला एरवीही लस हप्त्या-हप्त्यानं मिळायची, कधी असायची, बहुतेकदा नसायची. लस नाही म्हणून माणसं येत नव्हती. माणसं येत नव्हती म्हणून नोंद होत नव्हती. नोंद नाही म्हणून माझ्या मॉडेलनं उरलीसुरली लसही काढून घेतली. आणि पुढच्या वर्षी ते मॉडेल आणखी खात्रीनं तेच म्हणालं असतं. न चुकता चुकत गेलं असतं.

मी रडले नाही असं नाही. पण टोळ्या यायला थोडेच दिवस उरले होते. मी कामाला लागले. कॉलेजातून आल्यावर रोज तुझी दहा-बारा पानं. गावाचं नाव, महिना, पुढे काय झालं. जिथे तुला कळलं नव्हतं तिथे मी “माहीत नाही” लिहिलं, शून्य लिहिलं नाही. आधी मी तिथे शून्य धरायचे. सगळं नव्यानं बांधलं. तुझ्या वह्या आता अंदाज म्हणून नाहीत, खरं काय झालं त्याचा पुरावा म्हणून आत गेल्यात. आणि एक नियम घातला: लस वाटताना एक पूर्ण डोस अशा जागेसाठी ठेवायचा, जिथली आपल्याला सगळ्यात कमी माहिती आहे.

आज सकाळी बैठक झाली. तुझ्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं.

“मॅडम, गेल्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं, एका केसवरून बदलायचं नसतं.”

“सांगितलं होतं,” मी म्हटलं. “चूक माझी होती. नदीकाठच्या दहा कुप्या माझ्या कागदामुळे काढल्या गेल्या. एस्तेर सिस्टरनं तेव्हाच सांगितलं होतं की आकडा खोटा आहे. मी ऐकलं नाही. हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.”

क्लार्कनं खरंच लिहायचं का म्हणून डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, “लिहा.”

मग त्यांनी योग्य तो प्रश्न विचारला, आणि मला तुझी फार आठवण आली, कारण हा प्रश्न तूही विचारला असतास. “समजा, तिथे दहा कुप्या ठेवल्या आणि हंगामभर कुणीच आलं नाही. दुसरीकडे त्याच कुप्यांनी एखादा वाचला असता. मग?”

याचं सोपं उत्तर नाही, एस्तेर. मी सोपं दिलंही नाही. म्हटलं, “तसं होऊ शकतं, आणि झालं तर त्याचीही जबाबदारी माझी. पण लस तिथे असताना, आणि ती आहे हे टोळ्यांना माहीत असताना कुणी आलं नाही, तर तिथे दंश होत नाहीत हे आपल्याला पहिल्यांदा खरंखुरं कळेल. आज आपल्याला ते माहीत नाही. आपण फक्त तिकडे बघत नाही.”

“टोळ्यांना सांगणार कोण? विचारणार कोण? सिस्टर तर...” डॉक्टर थांबले.

“मी जाईन. मंगळवारी दुपारी मला तास नसतो.”

तो होता. बैठकीतून बाहेर आल्यावर प्राचार्यांना फोन करून बदलून घेतला.

एक हंगाम, असं ठरलं. दहा कुप्या नदीकाठी. मार्चअखेर परत बैठक. थोडंच मिळालं, पण मी भांडून मिळवलं. तुझ्याइतकं बरं नाही भांडता आलं.

आज मंगळवारच होता. पुणतांब्याच्या अलीकडे पहिली टोळी कालच उतरलीय. मी तडक तिकडेच गेले. कोप्या अजून उभ्या राहत होत्या. तू काय बोलून सुरुवात करायचीस ते वहीत कुठे लिहिलेलं नाही. एक बाई चूल मांडत होती. तिनं माझी साडी बघितली, पर्स बघितली.

“डॉक्टरीण हाव का?”

“न्हाई. मी गणित शिकवते.”

“मंग इकडं काय काम?”

मी सांगितलं. नदीकाठच्या दवाखान्यात आता सापावरची लस ठेवलीय, कुणाला चावलं तर मांत्रिकाकडे न जाता तडक तिथे यायचं. एवढं बोलले आणि थांबले. तिनं मान हलवली, पण तिच्या तोंडावरून दिसत होतं की असं सांगून जाणारे तिनं पुष्कळ बघितलेत. मग मी म्हटलं, “आणि मागच्या वर्षी कुणाला काय झालं ते मला सांगा. मला ते माहीत न्हाई. माहीत न्हाई म्हणून मागच्या हंगामात मी एक चूक केली, त्यात एक बाई गेली.”

मग तिनं चुलीपाशी अंथरलेलं पोतं हातानं झटकलं, माझ्याकडे सरकवलं.

“बसा,” म्हणाली. “एक न्हाई, लई हायेत.”

मी बसले.